तूमच्या गोष्टीतली बाई

२० ऑगस्ट

शुक्रीचा माँट्रिआलहून फोन. बरण्या ठरल्या, झाकणं सोनेरी, आत आपली तूम. कृती त्यानं माझ्याकडून वसंतातच घेतली होती, आता त्याला नाव हवंय. "बाबांचं नाव घालतो, आई. 'अबू शुक्रीची तूम'. आणि बरणीच्या मागच्या बाजूला ती गोष्ट छापतो."

"कुठली गोष्ट?"

"तूमला तूम का म्हणतात त्याची. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे ना? मला अर्धीमुर्धी आठवते. इथल्या लोकांना गोष्टीशिवाय घास उतरत नाही."

मी म्हटलं, बाळा, तूम म्हणजे लसूण. शेतातल्या लसणालाही तूम म्हणतात आणि वाटीतल्या चटणीलाही तूमच म्हणतात. संपली गोष्ट. तर हसून म्हणतो, "तू आत असायचीस, तुला नाही माहीत."

तू आत असायचीस. फोन ठेवल्यावरही हे वाक्य कानात राहिलं. खोटं नाही म्हणा. बेर्दोनी नदीच्या काठाला आमचं कोंबडीचं दुकान, आठ टेबलं, दारावर पाटी 'फरजल्ला'. फरजल्ला म्हणजे माझा नवरा, झाहले गावच्या लोकांचा अबू शुक्री, म्हणजे शुक्रीचा बाप, तशी मी उम्म शुक्री. तो बाहेर भट्टीपाशी, कोंबड्या फिरवत आणि जीभ चालवत. मी पडद्यामागे दगडी उखळापाशी. चाळीस वर्षं लसूण मी कुटला आणि बरणीवर नाव लागणार त्याचं. लसूण, मीठ, तेल, लिंबू आणि माझा हात, एवढंच तर असतं तूममध्ये. नावात आला फक्त लसूण, आणि आता वर अबू शुक्री.

जिवंत असता तर भांडले असते. ऑक्टोबरात त्याला वर्ष होईल.

ही वही नातीनं मागच्या नाताळात पाठवली होती, वरती मांजराचं चित्र. कोरीच पडली होती. शुक्री म्हणतो, बाबांचं काही आठवलं तर लिहून ठेव. ठेवते. डावखुऱ्या माणसाला अरबी लिहिताना एक सुख असतं, ओळ उजवीकडून डावीकडे जाते, हाताला शाई लागत नाही. बाकी सगळीकडे बोलणीच. शाळेत नन्सनी माझा डावा हात बाकाला बांधून ठेवला होता. हात सुधारला नाही, मीही नाही.


२३ ऑगस्ट

तौफीक औषधवाल्याकडे गेले होते, गुडघ्याच्या मलमासाठी. तो दर गुरुवारी आमच्या दुकानात जेवायला यायचा. सहज विचारलं, अबू शुक्री तूमच्या नावाची काही गोष्ट सांगायचा का हो? त्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मला खुर्ची दिली.

"त्या गोष्टीसाठीच तर यायचो, उम्म शुक्री. कोंबडी काय, कुठंही मिळते."

गोष्ट अशी. बालबेकला रोमन लोक देऊळ बांधत होते. मजूर अडून बसले, लसूण मिळाल्याशिवाय धोंडा उचलणार नाही. तिथं स्वयंपाकाला एक बाई होती. तिनं लसूण कुटला, तेल घालत घालत घोटला, पांढराशुभ्र लोण्यासारखा केला. मुकादम आला. हे काय? बाई म्हणाली, "लसूण." आणखी काय घातलंयस? "लसूण." कोणी शिकवलं? "लसूण." सकाळी तिचं नवऱ्याशी वाजलं होतं, आणि ती चिडली की दिवसभर एकच शब्द बोलायची, काहीही विचारा. मुकादम कंटाळून निघून गेला आणि सगळीकडे सांगत सुटला, त्या पदार्थाचं नाव लसूण आहे. म्हणजे तूम.

मी विचारलं, तौफीक, तुम्ही शिकलेले, तुम्हाला हे खरं वाटलं?

"छे. पण अबू शुक्री त्या बाईचा आवाज असा काढायचा, की हसता हसता अरकची दारू नाकात जायची."

म्हणजे माझा नवरा चारचौघांत बायकांचे आवाज काढायचा. मी आत लसूण सोलून बोटं जाळून घेत होते, तेव्हा.

घरी आले तर नणंद नुहाद जिन्यात बसलेली. काय झालं गं? काही नाही. तौफीक काय म्हणाला? काही नाही. मलम आणलंस का? काही नाही. जेवलीस? काही नाही. तर ही बाई पोट धरून हसायला लागली. नुहादला हल्ली कशाचंही हसू येतं, वय झालं.


२९ ऑगस्ट

द्राक्षांच्या मळ्यात मन्सूर भेटला. हा अबू शुक्रीचा लहानपणापासूनचा दोस्त. बालबेकची गोष्ट त्याला सांगितली तर भडकलाच.

"औषधवाल्याला गोळी दिलीय ती. खरी गोष्ट मला सांगितली होती, घरचा माणूस म्हणून. तुर्कांच्या वेळची आहे ती."

पाशा दमिश्कला निघाला होता. वाटेत वास आला म्हणून घोडा थांबवला. एका घरात एक बाई पाठमोरी बसलेली, डोक्याला नवऱ्याचा रुमाल करकचून बांधलेला, डाव्या हातात मुसळ, उजव्या हातानं तेलाची धार. पाशा म्हणाला, बाई, इकडे बघ, मी पाशा आहे. ती म्हणाली, "असशील आपल्या घरी. आत्ता वळले तर तूम फुटेल. थांब बाहेर." आणि पाशा थांबला, पलटणीसकट, उन्हात. शेवटी तिनं वाटी बाहेर ठेवली. पाशानं बोट बुडवून चाटलं आणि नाव विचारलं. ती म्हणाली, "लसूण. डोळे नाहीत का?"

"आणि मग?" मी विचारलं.

"मग पाशा दमिश्कला गेलाच नाही," मन्सूर म्हणाला. "इथंच राहिला. अबू शुक्री शेवटी नेहमी असंच म्हणायचा. गेला नाही कुठं, राहिला इथंच. का ते कधी बोलला नाही."

दोन गोष्टी, दोन्हींत एक बाई, आणि दोन्हींत तुसडी. रोमनांच्या वेळची तुर्कांपर्यंत जगली का ही? माणूस हवेतून बाई काढत नाही. कुठंतरी बघितलेली असते. डावखुरी मीही आहे, रुमाल मीही बांधते, पण तो काय सगळ्याच बायका बांधतात, केसांना वास लागू नये म्हणून. आणि मी काही पाशाला उन्हात उभं केलं नाही. एकदा नगरपालिकेच्या साहेबाला केलं होतं, पण तेव्हा खरंच तेल पडत होतं.

परत येताना मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.


१ सप्टेंबर

नुहादला सरळ विचारलं. माझ्याआधी तुझ्या भावाचं कुठं जमलं होतं का?

आधी ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "वदाद, तू सासष्ट वर्षांची आहेस."

"वय नाही विचारलं."

"होती एक," ती म्हणाली, आणि सफरचंद सोलायला लागली. मुद्दाम सावकाश, साल तुटू न देता. "फुर्झुलची मार्ता. आई-बाबा बघायला गेले होते. फार बोलणं झालं होतं म्हणे."

"डावखुरी होती?"

"मी काय तिचे हात बघायला गेले होते?" ती म्हणाली. आणि मग तो तिचा नवीन रोग, हसण्याचा.

फुर्झुल. इथून टेकडीपलीकडे. चाळीस वर्षं ती तिथं बसलीय आणि मला पत्ता नाही. तिचे आवाज काढून इथं अख्ख्या गावाला हसवलं, तिला पाशाच्या समोर बसवलं, रोमनांना तिच्या हातचं खायला घातलं. आणि आता ती कॅनडात बरणीवर छापली जाणार, माझ्या तूमच्या बरणीवर. नवऱ्याच्या मागं असली लाज वाटावी, हे काही बरं नाही. पण वाटते. रात्री झोप नाही.


५ सप्टेंबर

माझ्याबद्दल तो एकदा तरी काही चांगलं बोलल्याचं आठवतंय का, म्हणून आज बसून आठवत होते.

माझ्या सासूचा एक नियम होता. उखळापाशी कौतुक करायचं नाही. तूम ही लाजरी असते म्हणायची, कोणी वाहवा केली की दृष्ट लागते आणि फुटते, तेल एकीकडे, लसूण एकीकडे. म्हणून आमच्या घरात कोणी तूम चांगली झाली असं म्हणायचं नाही. पहिल्या वर्षी मी नवी होते, माझीच तूम बघून माझ्या तोंडून "वा" निघालं, आणि सासूनं मला अंगणात काढलं होतं. दुसऱ्या घरातून लग्न करून येणाऱ्या मुलीला हे वेडं वाटतं. नंतर सवय होते.

अबू शुक्री तर आईच्या वर. सकाळी पडदा सारून आत यायचा, करंगळी बुडवायचा, चाटायचा, तोंड वाकडं करायचा आणि जायचा. तूम जितकी उत्तम, तितकं तोंड वाकडं. बाहेर जाऊन गरजायचा, "मंडळी, आज तूम पार बिघडलीय, नाइलाजानं खा." लोक खो खो हसायचे आणि वाट्या जास्त मागायचे. मी आत कुढायचे. चाळीस वर्षांत एकदा म्हणाला असता, वदाद, छान झालीय. देव साक्षी आहे, नाही म्हणाला.

पण ते दिवस. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की अख्खी गल्ली कोंबडीच्या धुराखाली. नदीचा आवाज, टेबलांच्या खाली पोरं, पाणी घातलेल्या अरकचे पेले दुधाळ झालेले, आणि बाहेरून त्याची आरोळी, "लसूण आण गं." तूम आण असं नाही म्हणायचा, लसूण म्हणायचा, आणि मला कळायचं किती वाट्या. पडद्याला लागून एकच टेबल होतं, तिथं होवसेप फोटोवाला बसायचा, एका कानानं बहिरा, म्हणून त्याला गडबड नको असायची. तो आता अंजरला मुलीकडे असतो. त्याच्या ताटापाशी मी पडद्याच्या फटीतून वाटी सरकवायचे. उखळापाशी माझा चेहरा बघितलेलं तेवढंच एक गिऱ्हाईक.

वाटतं, पुन्हा एकदा तरी त्याची आरोळी ऐकू यावी. मार्ता गेली खड्ड्यात.


१२ सप्टेंबर

फुर्झुलला जाऊन आले. काकवी आणायला जाते असं नुहादला सांगितलं. द्राक्षांची काकवी फुर्झुलचीच चांगली, यात खोटं काही नाही.

मार्ताचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात बसली होती, गोरी, गुबगुबीत, सोन्याच्या बांगड्या. मी मनात म्हटलं, बरं आहे, म्हातारी झालीय. नाव सांगितल्यावर तिनं डोळे बारीक केले.

"फरजल्ला? तो भट्टीवाला? अगं बाई, गेला का तो? देव शांती देवो."

कॉफी आली. तिनं कप उजव्या हातानं उचलला. मी विचारलं, तुम्ही स्वयंपाक कोणत्या हातानं करता? ती म्हणाली, "कुठल्याच नाही, सून करते." मग मीच विषय काढला, माझ्या नवऱ्याचं तुमच्याशी ठरत होतं म्हणे.

"ठरत कसलं. एक दुपार आला होता. तो एकटाच बोलत होता, बोलता बोलता माझे बाबा खुर्चीतच झोपले. मी आईला सांगितलं, याच्याशी लग्न केलं तर मला आयुष्यभर तोंड उघडायला मिळणार नाही. आणि त्याच्या कपड्यांना लसणाचा वास. मला लसूण सोसत नाही, अजूनही घरात आणू देत नाही." मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "तुम्ही कशा राहिलात हो?"

मी म्हटलं, मी आत असायचे.

ती एकदम हसली, मीही हसले. काकवीच्या दोन बाटल्या तिनं दिल्या, घेतलं काही नाही. येताना शेअर टॅक्सीत बसून मला तिचा राग यावा असं फार वाटत होतं, पण येईना. लसूण न खाणारी बाई. गोष्टीतली ही नव्हेच.

म्हणजे आणखी कोणी आहे. आता काय, अख्खं बेका खोरं पालथं घालू?


१८ सप्टेंबर

वर्षाच्या मिस्सेचं ठरवायला चर्चमध्ये गेले. आमचे पाद्री अबूना लुत्फी प्रवचनात फार वेळ घेतात म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवलं, लोकांना जेवायचं असतं. बोलता बोलता त्यांनाही विचारलं. धर्मगुरू आहेत, खोटी गोष्ट सांगणार नाहीत.

ते म्हणाले, "नावात काही गूढ नाही, उम्म शुक्री. जुन्या सुरयानीत लसणाला तूमा म्हणत. आमच्या प्रार्थनेची भाषा. पुस्तकी अरबीत थूम म्हणतात. लसणाचं नाव चटणीपेक्षा हजारो वर्षं जुनं आहे. चटणी नंतर आली आणि आईच्याच नावानं राहिली."

मला हे फार आवडलं. आईच्याच नावानं राहिली. त्यांना म्हटलं, मग हेच छापायला सांगते शुक्रीला.

"छापा," अबूना म्हणाले. "पण अबू शुक्री मला वेगळंच सांगायचे." आणि धर्मगुरू असून सुरू झाले.

एका गावात एक बढाईखोर माणूस होता. सकाळी बोलायला लागला की संध्याकाळीच थांबायचा. त्याच्या बायकोनं युक्ती केली. रोज त्याच्या रोटीत लसूण कुटून भरायची, म्हणजे त्याच्या तोंडाजवळ कोणी येणार नाही आणि गावाचे कान वाचतील. झालं उलटंच. त्याच्या तोंडाच्या वासानं लोकांना भूक लागायला लागली. लोक विचारायचे, काय खाल्लंस? तो म्हणायचा, लसूण. कोणी केलं? इथं तो गप्प बसायचा. आयुष्यात त्या एकाच प्रश्नाला तो गप्प बसायचा.

"का?" मी विचारलं.

अबूनांनी चष्मा पुसला. "तेही मी विचारलं होतं. ते म्हणाले, असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, अबूना, घर मोडतं."

घर मोडतं. म्हणजे लग्न झालेली बाई. दुसऱ्याची. आणि तो बढाईखोर म्हणजे तिचा नवरा, गावातलाच कोणीतरी. मी सगळ्या बढाईखोरांची मनातल्या मनात उजळणी केली. झाहलेत ते काही कमी नाहीत, पण दिवसभर बोलणारा मला एकच माहीत होता आणि तो माझ्याच घरात होता.

अबूना दारापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "उम्म शुक्री, तुम्हाला काही कळलं नाही?" मी म्हटलं, कळलं सगळं. आणि मान वर करून निघून आले. दगडी पायऱ्यांवर मात्र रडू आलं.


२७ सप्टेंबर

आज उखळावरचं फडकं काढलं. सासूच्या पद्धतीनं, सुतकाचं वर्ष उखळ झाकलेलं असतं, कुटल्याचा आवाज घरातून येऊ द्यायचा नाही. वर्षाच्या जेवणाच्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं, म्हणून आधी हात बसवून बघावा म्हटलं.

जून महिन्यातला लसूण, माळेवर चांगला सुकलेला. पाकळी मधून चिरायची, आत हिरवा कोंब असला तर काढायचा, नाहीतर कडू. मीठ टाकून कुटायला लागले आणि पहिल्या घावाला शेजारची खिडकी उघडली. मग समोरची. मला ते बरं वाटलं.

तेलाची धार धरली, केसाएवढी. हात विसरला नव्हता. पांढरी व्हायला लागली, फुगायला लागली, मुसळ उचललं की शिखर उभं राहायला लागलं. आणि तेवढ्यात नुहाद दारातून म्हणाली, "अय्या, काय सुंदर झालीय गं."

फुटली. डोळ्यांदेखत, तेल एकीकडे, लसूण एकीकडे.

तिला जे बोलले ते इथं लिहीत नाही. ती बिचारी गालावर हात ठेवून उभी. "चुकून निघालं गं तोंडातून," म्हणाली. "याच भीतीनं तो कधी..." आणि थांबली.

"कधी काय?"

"काही नाही. लसूण," ती म्हणाली, आणि पळाली. ही काय थट्टा, मला कळलं नाही.

फुटलेली तूम टाकायची नसते. नव्या पाकळ्या कुटायच्या आणि फुटलेली त्यात थेंब थेंब परत घ्यायची. दुपार गेली. पण आली परत.


५ ऑक्टोबर, रविवार

सगळं पार पडलं. आजच लिहिते, उद्यापर्यंत ठेवलं तर मीच म्हणेन झालंच नाही.

मिस्सेनंतर चर्चच्या दालनात जेवण. कोंबड्या मन्सूरच्या मुलांनी भाजल्या. तूम मी पहाटे केली, दाराला कडी लावून. होवसेप अंजरहून आला, काठी टेकत, मुलीच्या हाताला धरून. तूमच्या वाट्या फिरल्या आणि सगळे रोटी बुडवायला लागले. वर्षानंतर तीच चव. तौफीकनं डोळे पुसले, म्हणाला, लसूण डोळ्यांना लागतो. कोणी वाहवा केली नाही. झाहलेच्या लोकांना तेवढं कळतं.

मग मन्सूर म्हणाला, "पाशा इथंच का राहिला, ते आज कळतंय."

"पाशा कुठून आला?" तौफीक म्हणाला. "मुकादम. बालबेकचा."

झालं. दोघांची जुंपली. रोमन की तुर्क. तौफीक इतिहासाचे दाखले द्यायला लागला, मन्सूर म्हणाला, तुझ्या गोळ्यांनी कोणाची डोकेदुखी थांबलीय आजवर? अबूना शांत करायला गेले आणि त्यांच्या तोंडून ती तिसरी गोष्ट निघाली. आता तिघं एकमेकांकडे संशयानं बघायला लागले, एकाच माणसानं तिघांना फसवलं म्हणून.

"तुझ्या गोष्टीतही बाई आहे?" मन्सूरनं तौफीकला विचारलं.

"आहे. चिडली की एकच शब्द बोलणारी."

"माझ्यातली पाठमोरी. रुमाल बांधलेली. डावखुरी."

"माझ्यातलीला बढाईखोर नवरा होता," अबूना हळूच म्हणाले.

एकेक करत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डाव्या हातानं पुढच्या टेबलाच्या वाट्या भरत होते. डोक्यावर अबू शुक्रीचा रुमाल होता, काळा नव्हता म्हणून सकाळीच नुहादशी वाद झाला होता.

मला वाटलं, त्यांना माझी दया येतेय. तेव्हा मी डाव खाली ठेवला आणि सांगूनच टाकलं. "बघू नका असे. मला माहीत आहे, कोणीतरी होती. फुर्झुलपर्यंत जाऊन आले, ती नव्हती. आज वर्ष झालं, आता जी कोण असेल तिचं नाव सांगा. मी काही बोलणार नाही."

नुहादनं तोंडाला रुमाल लावला. तौफीक ताटात बघायला लागला. अबूना उठून उभे राहिले आणि परत बसले.

होवसेपला अर्धंच ऐकू आलं होतं. त्यानं मुलीला विचारलं, काय म्हणते ती? मुलीनं त्याच्या चांगल्या कानात सांगितलं. मग तो बहिऱ्या माणसांसारखा मोठ्यानं बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मी विचारलं होतं त्याला. मला तर त्यानं दहा-बारा गोष्टी सांगितल्या असतील, सगळ्यांत तीच बाई. म्हटलं, अबू शुक्री, कोण रे ही? तर त्यानं अंगठ्यानं पडदा दाखवला." होवसेपनं अंगठा खांद्यावरून मागं केला, अगदी तसाच. "आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, हळू बोल. तिच्या कानावर गेलं तर तूम फुटेल."

मी काय केलं असेन? डाव उचलला आणि म्हटलं, "जेवा आता, गार होतंय."

मग मागच्या खोलीत गेले, तिथं खुर्च्या रचून ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यामध्ये उभी राहून पोटभर रडले. नुहाद आली, काही न बोलता पाठीवर हात फिरवत राहिली. मला आनंद झाला होता, आणि तितकाच राग आला होता. दोन्ही एकदम. अजूनही तसंच आहे.


६ ऑक्टोबर

शुक्रीचा फोन. छापायला द्यायचंय, नाव ठरलं का?

"तूम लिही," मी म्हटलं.

"नुसतं तूम? बाबांचं नाव?"

"नुसतं तूम. खाली बारीक अक्षरात लिही, म्हणजे लसूण. अबूना म्हणतात, आईचं नाव आहे ते. हवं तर तेही लिही."

"आणि गोष्ट? मिळाली का कोणाकडून?"

मी म्हटलं, गोष्ट नाही. तो जरा नाराज झाला. म्हणाला, आई, आठव ना, एक तरी असेल. मी सांगितलं, आहेत, बऱ्याच आहेत, पण त्या बरणीवर घालायच्या नाहीत. का? म्हटलं, त्या माझ्या आहेत. पलीकडून तो अगदी बापासारखं म्हणाला, "बरं बाई."

आज दिवसभर घर शांत आहे. उखळ धुऊन उन्हात ठेवलंय. होवसेपकडे जाणार आहे, त्याच्याकडच्या दहा-बारा गोष्टी ऐकायच्या राहिल्यात. त्याला आठवतील तेवढ्या.

पण तुला एक विचारायचं आहे, फरजल्ला. आईचा नियम मला मान्य. उखळात लसूण असताना बोलायचं नाही, मान्य. पण आज सोमवार आहे. सोमवारी दुकान बंद असायचं. उखळ पुसून पालथं घातलेलं, कोरडं पडलेलं असायचं, आपण दोघं गच्चीवर कॉफी घेत बसायचो, आणि तू दिवसभर बोलत असायचास, राजकारणाबद्दल, द्राक्षांबद्दल, मन्सूरच्या गाढवाबद्दल. चाळीस वर्षांतले सगळे सोमवार. त्यातल्या एका सोमवारी मला सांगितलं असतंस तर काय फुटणार होतं?